वीस लाखांची ऊब

थोरली बहीण बारा महिने गारठलेली असायची आणि धाकटीला बारा महिने उकडायचं. दोघीही बिनलग्नाच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या. एकाच खोलीत, एकाच हीटरच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून त्या बसायच्या. तो लावायचा की नाही यावर सकाळी जी जुंपायची ती जेवणापर्यंत.

एकदा हीटर बंद पडला. मिस्त्रीने येऊन तो उघडला, जळालेली कॉइल काढून पिशवीत टाकली आणि नवी येईपर्यंत थांबावं लागेल म्हणाला. माणूस नेटका होता. जाता जाता त्याने हीटर पुसून लख्ख केला, तेव्हा थोरलीच्या बाजूचा जुना स्टिकर निघून हातात आला. त्यावर उष्णतेच्या जुन्या मापात ६८२४ बीटीयू असं छापलेलं होतं. मिस्त्रीने मनातल्या मनात हिशेब केला आणि त्या जागी मार्करने '२ किलोवॅट' असं लिहिलं.

थोरलीने चष्मा लावून ते वाचलं आणि तिचे दात वाजायला लागले.

"सहा हजारांचे दोन केलेत? मी थंडीचे दिवस दोनावर काढू?"

दोन्ही एकच आहे, आणि तसाही हा आत्ता रिकामा डबा आहे, हे मिस्त्रीने परोपरीने सांगितलं. उपयोग शून्य. मग त्याने खोडून वॅट केले. दोन हजार. थोरलीने शाल खांद्यापर्यंत खाली घेतली, पण वरचे चार हजार आठशे चोवीस कुठे गेले म्हणून विचारलंच. शेवटी तो टेकीला आला आणि त्याने मिलिवॅट लिहिले : २०,००,०००.

"एकक बारीक केलं की आकडा फुगतो, मावशी. ऊब तेवढीच," तो म्हणाला.

ती ऐकतच नव्हती. तिने एकेका शून्यावर बोट ठेवलं. मग शाल काढली, मग पायमोजे. कपाळावर घाम डवरला.

"अगं, जरा खिडकी उघड," ती धाकटीला म्हणाली.

धाकटीने हे वाक्य जन्मात ऐकलं नव्हतं. तिने खिडकी उघडली आणि आपल्या बाजूलाही काहीतरी लिहून द्या म्हणून मिस्त्रीच्या मागे लागली. त्याने तिकडे '२ किलोवॅट' लिहिलं. चहा होईपर्यंत धाकटीला हुडहुडी भरली आणि तिने उठून खिडकी लावून घेतली.

भांडण पुन्हा सुरू झालं, फक्त बाजू बदलल्या. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर समजूत घालायला आले. त्यांनी खोलीचं तापमान मोजलं आणि दोघींना सगळीकडे सारखंच आहे म्हणून बजावलं. पण हे सांगताना ते थोरलीच्या बाजूला बसले होते. जाताना कोट तिथेच विसरून गेले.

कॉइल घेऊन मिस्त्री आला तेव्हा थोरली वर्तमानपत्राने वारा घेत होती आणि धाकटी रजईत गुरफटून बसली होती. थोरलीने त्याला हीटरला हातच लावू दिला नाही. रिकामा असताना हे हाल, तर भरल्यावर आपण भाजून निघू, असं तिचं म्हणणं. धाकटी मात्र कॉइल आत्ताच्या आत्ता बसवा म्हणून गयावया करत होती. मिस्त्रीने तोड सुचवली : हीटर नुसता फिरवून ठेवतो, म्हणजे दोघी होत्या तशा व्हाल.

थोरलीने रजईत कुडकुडणाऱ्या धाकटीकडे पाहिलं.

मग थोरली उठली. कपाटातून एक मरून रंगाचा स्वेटर काढून तिने धाकटीच्या मांडीवर ठेवला. आईने विणलेला. आईचे सगळे स्वेटर थोरलीसाठीच असायचे. धाकटीला कशाला, तिला तर उकडतंच, असं घरात सगळे धरून चालायचे. प्रत्येक स्वेटरच्या वेळी लोकरीची लड हातांवर धरून बसायची ती मात्र धाकटी.

धाकटीने तो घातला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. तिने गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.

"फिरवू का मग?" मिस्त्रीने विचारलं.

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "आणि ताई, तू उघड ती खिडकी. मला आता चालेल."

थोरली खिडकीशी जाऊन उभी राहिली. वाऱ्याच्या भीतीने ती इतकी वर्षं तिकडे फिरकलीच नव्हती. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई कोण, असं तिने विचारलं, आणि धाकटी स्वेटरमध्ये हात आखडून, त्या बाईच्या लग्नापासूनचं सगळं सांगायला लागली.