गाडीच्या मागचा माणूस

जावयाची चूक कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही. ही मोठी सोय आहे, असं जावयांना वाटतं. ती सोय नाही, हे कळायला सुशीलला लग्नानंतर सहा वर्षं आणि एक गाडी लागली.

गाडी सासऱ्यांची. मनोहरराव वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त होऊन खाप्याला राहत होते आणि जन्मभर स्कूटरवर खूश होते. पण सासूबाईंचे, वच्छलाबाईंचे, गुडघे गेले. स्कूटरवर मागे बसणं होईना, एसटीची पायरी चढवेना. सावनेरच्या बहिणीकडे जाणंसुद्धा बंद पडलं. तेव्हा मनोहररावांनी बँकेतली ठेव मोडली, पासष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले आणि अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर गाडी घरी न्यायचं ठरवलं. सोबतीला नागपूरचा जावई घेतला. मिहानमधल्या कंपनीत नोकरीला, शिकलेला, कागदपत्रं समजणारा.

अडचण एवढीच झाली की अक्षय तृतीया रविवारी आली. साडेचार लाखांचा चेक खिशात, आणि बँक बंद. चेक वटल्याशिवाय शोरूमवाले गाडी सोडायला तयार नाहीत. मनोहररावांचा चेहरा उतरला. घरी वच्छलाबाई ओवाळणीचं ताट तयार ठेवून बसल्या होत्या.

"मामाजी, चेक माह्या नावानं द्या," सुशील म्हणाला. "शोरूमचे पैसे मी भरतो."

इथपर्यंत त्याचं मन स्वच्छ होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्याच्या खात्यात तेवढी रक्कम पडून होती. मोबाइलवरून पाठवली असती तर वर एक रुपया लागला नसता. पण खिशात क्रेडिट कार्ड होतं, आणि त्या कार्डावर वर्षाचा ठराविक खर्च झाला की विमानाची दोन तिकिटं मिळणार होती. साडेचार लाख एका फटक्यात! काउंटरवरच्या श्वेता नावाच्या मुलीनं हळूच, पण स्वच्छ सांगितलं, "सर, कार्डवर दोन टक्के जास्तीचे लागतील. नऊ हजार."

ते नऊ हजार आपण भरावेत, असं सुशीलच्या मनात आलं होतं. आलं आणि गेलं. गाडीला हार घालत असलेल्या सासऱ्यांजवळ जाऊन तो म्हणाला, "मामाजी, वरचा खर्च नऊ हजार येऊन राहिला."

भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं घासाघीस करणारा हा माणूस. पण जावयाला 'कशाचा खर्च' म्हणून विचारायचं नसतं. मनोहररावांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं. त्यात वेगळे ठेवलेले पैसे होते, गाडी मागे घेताना दिसावं म्हणून लावायच्या कॅमेऱ्याचे. खांबावरून पडल्यापासून त्यांची मान मागे वळत नव्हती.

"कॅमेरा राहू द्या मंग," ते श्वेताला म्हणाले. "खाप्यात कुठं एवढी गर्दी असते?"

सुशीलनं हे ऐकलं. ऐकलं आणि मोबाइल काढून गाडीचे फोटो घ्यायला लागला.

महिन्याभरानं अधिक महिना लागला. तीन वर्षांतून एकदा येणारा, जावयाच्या लाडाचा महिना. पुरणाचे धोंडे करून त्याला जेवू घालायचं आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. सुशील आणि त्याची बायको अपेक्षा सकाळच्या एसटीनं सावनेरला उतरले, तिथून मनोहररावांनी त्यांना गाडीतून घरी आणलं. घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला. गाडी आत सरळ जायची, पण बाहेर काढायची ती उलटीच. एका बाजूला उघडी नाली, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत.

बाराच्या सुमाराला मनोहरराव बर्फ आणायला निघाले. त्यांनी गाडी सुरू केली तशी वच्छलाबाईंनी कढई खाली उतरवली, पदर डोक्यावर घेतला आणि एक हात कमरेवर ठेवून पायऱ्या उतरल्या. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. मेच्या उन्हात त्या गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"येऊ द्या. येऊ द्या. नालीकडं नका घेऊ."

गाडी मागे सरके तशा त्याही उलट्या पावलांनी मागे सरकत होत्या. थांबवायचं झालं की डिकीवर तळहातानं थापटायच्या. अख्खी गल्ली त्या अशा मागे मागे चालत गेल्या आणि भिंतीला धरून परत आल्या. सुशील खिडकीत उभा राहून बघत होता. गाडी कोणाच्या गुडघ्यांसाठी घेतली होती, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याला स्वतःची शिसारी आली.

"मामीजी, रोज तुम्हीच उभ्या राहता?"

"मंग कोण राहीन? त्यायची मान वळत नाही ना."

"पुढच्या वेळेस मी पाहतो मागून."

"बसा जी तुमी," त्या हसल्या. "जवाई मानूस उन्हात उभा राहते का कुठं?"

पंगत बसली. चांदीची वाटी, आमरस, तुपात बुडवलेले धोंडे. सुशीलला घास उतरत नव्हता आणि वच्छलाबाई वाढायच्या थांबत नव्हत्या. त्यात अपेक्षा उत्साहानं म्हणाली, "आई, आमी पुढच्या महिन्यात श्रीनगरले चाललो. विमानानं. यायच्या कार्डावर तिकिटं फुकट भेटली, एक रुपया नाही लागला."

अपेक्षाला काहीच माहीत नव्हतं. वच्छलाबाईंनी कौतुकानं जावयाकडे पाहिलं आणि आणखी एक धोंडा पानात टाकला. मनोहरराव मात्र खाली मान घालून रस कालवत राहिले.

"मामाजी," तो म्हणाला, "गाडीले कॅमेरा मी लावून देतो. या आठवड्यात."

"नाही जी. पोरीच्या घरचं आमी घेत नाही. तुमच्याकडं आलो तर चहा पितो, तोही आता आता."

"घरचं नाही, मामाजी. तुमचेच पैसे आहेत."

मग त्यानं सांगितलं. मोबाइलवरून फुकटात पैसे भरता येत होते, तिकिटांसाठी कार्ड वापरलं, नऊ हजार त्या कार्डाचे होते आणि तो खर्च सासऱ्यांकडून घेतला. कमी करून सांगावं असं दोनदा वाटलं, पण खिडकीतून गल्ली दिसत होती. अपेक्षाचा हात रसाच्या पातेल्यावर तसाच राहिला.

मनोहरराव पानाकडे बघत म्हणाले, "पावतीवर लिहिलं होतं. कार्ड चार्जेस. मी त्याच रात्री वाचलं."

"मंग बोलले काहून नाही, बाबा?" अपेक्षानं विचारलं.

"जवाईले काय विचारतेत बाई असं."

सुशीलला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. महिनाभर या माणसानं सगळं जाणून त्याला फोनवर 'जवाईबापू, बरे आहात ना' म्हणून विचारलं होतं. चिडला असता तर परवडलं असतं.

जेवणं उरकली. वच्छलाबाईंनी वाणाचा डबा भरला, तेहेतीस अनारसे नीट मोजून, वर रुमाल बांधून अपेक्षाच्या हातात दिला. सुशीलनं कुंकू लावून घेतलं आणि त्यांच्या पाया पडला, तरी त्या गप्पच. मनोहररावांनी गाडी सुरू केली. सुशील सवयीनं पुढच्या सीटचं दार उघडून आत बसला. मामीजी आता पायऱ्या उतरतील, म्हणून त्याची नजर तिकडेच होती.

त्या उतरल्या नाहीत. वरच्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळायला लागल्या.

"काहून गा सुशील," त्या म्हणाल्या. सहा वर्षांत त्यांनी त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. "मांगितले असते तर आमी नाही म्हटलं असतं का?"

सुशीलनं खिडकीची काच पूर्ण खाली केली.

"उतर खाली. गाडीच्या मांगं जाऊन उभा राय. माह्याच्यानं नाही होत आता."

सुशील उतरला. मनोहररावांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि रिव्हर्स गिअर टाकला. ऊन डोक्यावर होतं आणि शेजारची बाई दारात येऊन जावई गाडीमागे उभा राहिलेला बघत होती. सुशीलनं डिकीवर हात ठेवला आणि तो म्हणाला, "येऊ द्या, मामाजी. येऊ द्या."