थापाड्याचा अक्रोड केक

“कुणाचा विश्वास बसायचा नाही,” कढईत अक्रोड टाकता टाकता खाजाभाईंनी सुरुवात केली, “पण चार थरांचा केक घेऊन मी सातपूरहून थेट सटाण्याला गेलो होतो, स्कूटरवर. एक हात हँडलला, दुसऱ्या हातात केक. देवळ्याच्या पुढे पेट्रोल संपलं, तर तिथून स्कूटर नुसत्या केकच्या वासावर चालली. मागे कांद्याचे अठरा ट्रॅक्टर, सगळे ड्रायव्हर नाक वर करून.”

एवढं बोलून ते थांबले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. रेहाना स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखाद्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी.

“हो का?” ती म्हणाली. “छान झालं.”

कढईतले अक्रोड खाजाभाईंनी उगाचच जोरात हलवले.

आता ही थाप काही आजची नव्हती. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून ती चालत आली होती आणि तिचं उत्तरही तेव्हापासूनच ठरलेलं होतं. खाजाभाई ट्रॅक्टरपर्यंत पोहोचले की रेहाना हातातलं काम न सोडता म्हणायची, “मियाँ, खाली उतरा. स्कूटर सातपूरच्या नाक्यावरच बंद पडली. आपण एसटीनं गेलो. केक माझ्या मांडीवर होता आणि तुम्ही खिडकीला डोकं टेकून घोरत होता.” पाहुणे हसायचे, खाजाभाई जीभ चावायचे आणि दुसरी थाप काढायचे. कारखान्याची भिंत उतरून आलेला बिबट्या केकचा तुकडा खाऊन, पंजा पायपुसण्याला पुसून गेला, ही त्यांची सगळ्यात गाजलेली थाप. त्यावर रेहानाचा एकच शब्द असायचा, “मांजर.”

कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर काढलेला हा माणूस तिथे सुताभरही इकडचं तिकडे होऊ द्यायचा नाही. मोजमापातलं सगळं खरं तिथे संपत असावं, घरी आणायला काही उरायचं नाही. पण घरी पकडणारी होती. ती होती म्हणून तर ते एवढे उंच उडायचे.

दोन वर्षांपूर्वी रेहाना किल्ल्या विसरायला लागली. मग मीठ. मग पाहुण्यांची नावं. डॉक्टरांनी मुलीला, आफियाला, बाजूला घेऊन सांगितलं, आफियाने अब्बांना सांगितलं, आणि अब्बांनी गल्लीभर सांगितलं की रेहानाच्या डोक्यात आठवणी फार झाल्यात, आता काठावरून सांडताहेत. गल्लीने मान हलवली. कुणीही हसलं नाही.

तरीही त्यांना खरी भीती वाटली नव्हती. ती वाटली गेल्या वर्षी एका सकाळी, भाजी आणल्यावर. सवयीने ते बोलून गेले, “आज बाजारात निळी कोथिंबीर आलीय.” रेहाना म्हणाली, “उद्या आणा थोडी.” खाजाभाई पिशवी घेऊन तसेच गॅलरीत गेले आणि बराच वेळ रस्त्यावरच्या मोटारसायकली बघत उभे राहिले. लपाछपीत राज्य असलेलं पोरच घरी निघून जावं आणि लपणाऱ्याला कुणी सांगूच नये, तसं झालं होतं.

त्यानंतर त्यांनी एकामागून एक थापा मारल्या. जुन्या, नव्या, मोडक्या, अगदी शेंबड्या पोराच्याही लक्षात येतील अशा. रेहानाने सगळ्यांवर विश्वास ठेवला. गेल्या महिन्यात तर ते खोलीत शिरले तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला, खुर्ची पुढे केली आणि अदबीने म्हणाली, “बसा ना. ते येतीलच कामावरून.” खाजाभाई मुकाट्याने बसले. बाहेर दुसऱ्या पाळीच्या बसेस गेल्या. ते बसून स्वतःची वाट बघत राहिले.

त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात केक आला.

कारण रेहाना बाकी सगळं खपवून घ्यायची, पण केकच्या बाबतीत खोटेपणा तिला कधीच खपला नव्हता. घरातल्या छोट्या ओव्हनवर तिने पंचवीस वर्षं लोकांच्या ऑर्डरी केल्या. सगळ्यात नावाजलेला तो अक्रोड-कॉफीचा केक, चार थरांचा. एका बाईंनी एकदा सुचवलं होतं, निम्मे शेंगदाणे घाला, कुणाला कळतंय. रेहानाने त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि वही मिटली. म्हणून खाजाभाईंनी आता हिशेब मांडला: बिबट्याबद्दल ती ऐकून घेईल, स्कूटरबद्दल ऐकून घेईल, पण तिच्याच ओट्यावर, तिच्याच केकबद्दल कुणी वाट्टेल ते बोललं तर आतली रेहाना गप्प बसायची नाही. एक थाप तिने पकडली पाहिजे. एकच. म्हणजे ती अजून आहे, असं धरता येईल.

महिनाभर दुपारी ती झोपली की ते तिची केकच्या कृतींची वही उघडून बसत. पहिला केक ओट्यावर पडला तेव्हा लादीचा टवका उडाला. दुसरा आतून कच्चाच राहिला. चौथ्यापासून जमू लागलं. आज रविवार होता, नाशिकरोडहून आफिया आली होती आणि सगळं रेहानाच्या डोळ्यांदेखत व्हायचं होतं.

“अक्रोड भाजत नसतात, आफिया,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “त्यांना नुसतं कढईत फिरायला नेतात. हवापालट.”

आफियाने आईकडे पाहिलं. आई कढईकडे बघत होती.

“आणि वाटताना मैद्याचा चमचा कशाला, ठाऊक आहे? अक्रोड उघडे पडतात, त्यांना एकमेकांची लाज वाटते. मैदा म्हणजे त्यांचा पडदा.”

अक्रोडाला तेल सुटून गोळा होऊ नये म्हणून, हे रेहानाने या घरात शंभरदा सांगितलं होतं. हातावर चापट मारून सांगितलं होतं.

“बरोबर आहे,” रेहाना म्हणाली.

आफिया खिडकीकडे वळली आणि नळ सोडून स्वच्छच असलेलं भांडं घासू लागली. “अब्बा,” ती पाठमोरीच म्हणाली, “का छळ करून घेताय?”

“तू भांडं घास.”

केक भाजून निघाले, जाळीवर निवले. खाजाभाईंनी चष्मा चढवला, कपाटातून आपलं व्हर्नियर काढलं आणि केकची जाडी मोजली.

“केक आहे अब्बा, शाफ्ट नाही.”

“शाफ्ट चुकला तर दुसरा करता येतो.”

दोन केकचे त्यांनी दोऱ्याने चार थर कापले, प्रत्येकी अठरा मिलिमीटर. खाली पोलादी फिरती थाळी होती. कारखान्यातल्या बेअरिंगवर त्यांनीच लेथवर ती बनवून रेहानाला दिली होती, आणि तिच्यावरून हजारएक केक गेले असतील. थरावर साखरेचं पाणी, मग कॉफी घातलेलं लोणी, वर अक्रोडाचा चुरा, मग पुढचा थर. थापा चालूच होत्या. कॉफी हरसूलच्या डोंगरात उगवते आणि वानरं ती दळून देतात. लोणी फेटताना डावीकडे फिरवलं तर दूध परत गाईत जातं. प्रत्येक वाक्याला ते थांबायचे. प्रत्येक वेळी दारातून “हो का” यायचं, कधी नुसताच हुंकार. आवाजात ना हसू ना राग. हळूहळू थापांमधलं अंतर वाढलं. मग फक्त सुरीचा आवाज उरला.

बाहेरून पातळ लेप देऊन त्यांनी केक फ्रीजमध्ये ठेवला, केकचा भुगा त्या लेपातच अडकून राहावा म्हणून. तो घट्ट होईपर्यंत तिघं वाट बघत बसली. फ्रीज घुरघुरत होता. रेहानाने एकदा विचारलं, “आज कोण येणारेय?” आफिया उठून ओट्यावरचं सांडलेलं पुसू लागली.

मग शेवटचा हात. थाळी फिरली, सुरी एका जागी स्थिर धरली आणि लोणी लेथवरच्या पितळेसारखं गुळगुळीत होत गेलं. खाजाभाई थापा विसरले. त्यांनी भाजलेल्या बदामाचे काप तळहातावर घेऊन कडेला हलकेच दाबले. साखर तांबूस होईपर्यंत वितळवली, तिच्यात अर्धे अर्धे अक्रोड बुडवले आणि त्यांच्या लांब काचेसारख्या तारा खेचून बारा अक्रोड घड्याळाच्या आकड्यांसारखे वर मांडले. ते मागे सरकले तेव्हा आफिया शेजारी येऊन उभी होती.

“अब्बा,” ती म्हणाली. “अगदी अम्मीचा आहे.”

रेहाना उठून ओट्यापाशी आली. तिने केकभोवती नजर फिरवली, वाकून कडा पाहिली. खाजाभाईंनी तुकडा कापून बशीत दिला. चारही थर रेघ मारल्यासारखे होते. तिने घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला.

“फार सुरेख,” ती म्हणाली. “कुणी केला?”

त्यांच्या जिभेवर दहा थापा तयार होत्या. मुंबईच्या हॉटेलातला खानसामा, बिबट्याची बायको, काहीही चाललं असतं. पण त्यांचे खांदे दुखत होते, शर्टावर मैदा होता आणि महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना काही रचावंसं वाटलं नाही.

“मी केला,” ते म्हणाले. “मी, रेहाना. तुझा नवरा. खाजा.”

रेहानाने बशी खाली ठेवली. त्यांच्या हातांकडे पाहिलं, मैद्याकडे पाहिलं, मग थेट तोंडाकडे. तिची हनुवटी वर झाली, डावा डोळा बारीक झाला, ओठाचा कोपरा दुमडला. वर्षभर ज्या चेहऱ्याची त्यांनी वाट पाहिली होती, तोच हा चेहरा होता.

“खोटं बोलू नका, भाईसाहेब,” ती म्हणाली. “माझ्या मियाँना साधं अंडं फोडता येत नाही.”