समासातली वल्लरी

नेमावरच्या नदीघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत अण्णांचं घर. उमाबाई ओसरीवर गहू निवडत होत्या आणि देवासहून आलेली विद्युल्लता मांडीवर फॉर्म घेऊन त्यांच्या यजमानांना, अण्णांना, प्रश्न विचारत होती. कोरोनानं हातावर पोट असलेल्या घरांचं काय केलं, याचा अभ्यास एक संस्था करत होती. त्यासाठी विद्युल्लता महिनाभर जिल्हा पालथा घालत होती.

अण्णा घाटावर पूजा सांगत. दोन वर्षं यात्रेकरू फिरकले नाहीत, तेव्हा शेजाऱ्यांच्या शिध्यावर चूल पेटली, हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

"या काळात घरात कुणाचा मृत्यू?"

"नाही. शून्य लिहा, मॅडम."

विद्युल्लताचं पेन अडलं. गेल्याच आठवड्यात ती खातेगांवला, अण्णांच्या थोरल्या मुलीच्या, चिऊच्या सासरी जाऊन आली होती. तिथं आजीच्या कडेवर वर्षाचं पोर होतं, पण आई नव्हती. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तिथंच गेली ती. ते मरण त्यांच्याकडेच लिहा," असं सासूनं ठणकावलं होतं.

"अण्णा, आणि चिऊ?"

"पोरगी एकदा दिली की त्या घरची. तिची गिनती आमच्यात कशी होईल?"

म्हणजे दोन्ही घरांच्या हिशेबानं चिऊ कुठंच मेली नव्हती! घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्यांनी लॉकडाऊनमधलं लग्न पाहिलं नसावं. वीसच माणसांची परवानगी, ना वरात ना पंगत. अण्णांनी पंधरा वर्षांच्या लेकीचं लग्न तेव्हा उरकून टाकलं. वर्षभरानं बाळंतपणाला माहेरी आलेली ती पोर परत गेलीच नाही.

पाणी घेऊन धाकटी वल्लरी आली. चौदा वर्षांची, आठवीतली.

"हिची शाळा चालू आहे ना?"

अण्णांनी उमाबाईंकडे पाहिलं, उमाबाईंनी सुपाकडे.

"आखातीजला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, हिला त्याच घरात देतोय," अण्णा म्हणाले. "नातवाला आई पाहिजे ना, मॅडम. सगी मावशी आहे, दुसरी कोण जीव लावणार?"

"ताई, मला नववीला बसायचं आहे," वल्लरी एकदम बोलली. "माझी मर्जी नाही म्हणून लिहा ना तुमच्या कागदावर."

"गप बस!" उमाबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

फॉर्ममध्ये मर्जीचा रकानाच नव्हता. विद्युल्लतानं समासात बारीक अक्षरात लिहिलं: मुलीची मर्जी नाही. वल्लरीनं वाकून ते वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. वेड्या पोरीला वाटलं, लिहिलं म्हणजे झालं.

बाहेर पडल्या पडल्या विद्युल्लतानं संस्थेतल्या सरांना फोन लावला.

"अगं, आपण अभ्यास करतोय, ढवळाढवळ नाही," सर म्हणाले. "नाव कुठं जाणार नाही असा शब्द दिलाय आपण त्यांना. संस्थेच्या समितीला विचारून सांगतो."

पंचायतीच्या भिंतीवर मुलांच्या मदतीसाठीचा नंबर रंगवलेला होता. ती त्याच्यासमोर फोन हातात धरून उभी राहिली. पण शब्द, नियम, नोकरी! शिकलेल्या माणसाला गप्प बसायला किती चांगली कारणं सापडतात. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि देवासची बस धरली.

तक्रार करायला समितीचा होकार आला तेव्हा आखातीज होऊन चार दिवस झाले होते. विद्युल्लता धावतपळत नेमावरला पोचली. वल्लरीचं दप्तर ओसरीच्या खुंटीला होतं, त्यावर कुणीतरी ओलं धोतर वाळत टाकलं होतं.

"आता घरात दोघंच लिहा," अण्णा आतूनच म्हणाले.

तिनं खातेगांवच्या घरी फोन लावला. वल्लरीच्या सासूनं उचलला. "अठरा पूर्ण आहेत हो तिला. कागद आहे आमच्याकडे," असं म्हणून तिनं ठेवून दिला. मागे पोर रडत होतं.

उमाबाई दारापर्यंत आल्या. डोळे सुजलेले होते.

"ताई, पोरीनं सांगितलं ते तुम्ही लिहिलं होतं ना?"

"हो, काकू."

"मी आई असून तोंड शिवून बसले. माझं पाप मला ठाऊक आहे. पण ते तुमचं लिहिलेलं कुणी वाचलं का हो?"

वाचलं होतं. सगळ्यांच्या आधी विद्युल्लतानं स्वतःच वाचलं होतं.