आपलं गाऱ्हाणं

“आज तरी आपलं सांगा,” बायको म्हणाली. ओट्यावर पडलेला छताचा चुरा ती ओल्या फडक्याने गोळा करत होती. “सगळ्या इमारतीची गाऱ्हाणी नेता आणि स्वतःची वेळ आली की तोंडाला कुलूप!”

“सांगतो ना,” चपला शोधत कंडक्टर म्हणाले.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इमारतीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. उभा जन्म बसमधली भांडणं मिटवण्यात गेलेला. कोणापुढेही बोलताना जीभ अडखळायची नाही. मग कोणाचा नळ आटला, कोणाचं गटार तुंबलं, की नगरसेवकाच्या कचेरीत जायचं ते कंडक्टरांनीच. जायचं, ताटकळायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. आताशा मात्र कचेरीचा रस्ता नुसता आठवला तरी त्यांचे पाय दुखू लागत.

इमारत पालिकेची, जुनी. सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताला ओल धरली होती आणि पोपडे सुटत होते. गेल्या आठवड्यात त्यांच्या ओट्यावर ताटाएवढा तुकडा कोसळला. बायको पाणी घ्यायला वळली होती म्हणून वाचली. तिचे गुडघे कामातून गेलेले. त्या दचकण्याने दोन दिवस तिला उठवत नव्हतं.

ते बाहेर पडले तशी शेजारची शिवणकाम करणारी बाई दारात आली. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या हातात घेऊन म्हणाली, “काका, साहेबांकडे का? आमचंही जमलं तर बघा.”

“बघतो.”

आतून बायकोने पातेलं जरा जोरातच आपटलं.

कचेरीत नेहमीसारखीच गर्दी होती. पंखा फिरत होता, पण वारा बसलेल्यांपर्यंत पोहोचत नव्हता. मनाशी वाक्य घोळवत कंडक्टर बसून राहिले. ‘साहेब, आमचं छत पडतंय. बायकोला जिना झेपत नाही.’ दोनच वाक्यं. पण ती मनातल्या मनात म्हणतानाही त्यांना कसंसंच होई, हात पसरल्यासारखं.

नंबर लागेपर्यंत दुपार झाली. नगरसेवकही थकलेला दिसत होता. शर्टाची वरची बटणं उघडी, समोरचा चहा साय धरून गार झालेला.

“या काका. आज कोणाचं?”

“आमच्या...” कंडक्टर म्हणाले आणि थांबले.

“तुमच्या मजल्याचं ना? ठाऊक आहे मला. दुरुस्तीचं मी वर बोललोय, पण खोटं सांगत नाही, यंदा काही होत नाही.” नगरसेवक पुढे झुकला. “एक करता येईल. मागच्या इमारतीत तळमजल्याची एक खोली रिकामी झालीय. एकच. तुमच्या मजल्यावरच्या एका घराला देतो. तुम्ही सगळ्यांना ओळखता. सांगा, कोणाला देऊ?”

तळमजला. जिना नाही. आपलं नाव सांगितलं असतं तर या माणसाने दुसरा प्रश्नही विचारला नसता.

“शिवणकाम करणारी आहे ना,” त्यांच्या तोंडून निघालं, “तिचा बाप अंथरुणाला खिळलाय. अर्धं अंग गेलंय. छताचा तडा बरोबर त्याच्या खाटेच्या वर आहे. खोली एवढीशी, खाट दुसरीकडे मावत नाही.”

“आणि तुमचं? तुमचंही पडलं म्हणे.”

“पडलं,” कंडक्टर म्हणाले. “पण आम्ही उठून बाजूला तरी होऊ शकतो.”

नगरसेवकाने दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हाक मारून त्या खोलीची किल्ली आणायला सांगितलं.

घरी आल्यावर कंडक्टरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बायको भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“म्हणजे विचारलं होतं त्याने. तुम्हाला. तोंडावर.”

“हो.”

“आणि तुम्ही...” तिचा आवाज चढला आणि मध्येच विरला. “माझे गुडघे दिसले नाहीत तुम्हाला?”

“दिसले गं.”

“मग?”

कंडक्टर तिच्या पुढ्यातली भाजी निवडू लागले. ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तेही हाक मारायला धजावले नाहीत.

संध्याकाळी शेजारी गडबड उडाली. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून खाली न्यायचं होतं. कंडक्टर आणि खालच्या मजल्यावरचे दोघे पुढे झाले. खुर्ची जिन्याच्या वळणावर अडली, म्हातारा भ्यायला, कठडा पकडून सोडेना. लेक रडकुंडीला आली. “बाबा, सोडा हो!”

तेवढ्यात वरून पायरी पायरी उतरत बायको आली. पदर खोचलेला, एक हात भिंतीला. म्हाताऱ्यापाशी टेकून तिने त्याची बोटं कठड्यावरून हलकेच सोडवली आणि आपल्या हातात घेतली.

“बघू नका खाली. माझ्याकडे बघा. मलाही जिन्याची भीती वाटते. हळूहळू जाऊ.”

मग ती उलटी, त्याचा हात धरून, प्रत्येक पायरीवर कण्हत खालपर्यंत उतरली. नव्या खोलीत खाट लागली. म्हातारा कोरड्या, अखंड छताकडे बघत राहिला आणि बघता बघता झोपला.

“काकू...” शिवणकाम करणारी काही बोलू पाहत होती.

“राहू दे,” बायको म्हणाली. “आधी पाणी भरून ठेव. इथे सकाळी लवकर जातं.”

दोघं आपल्या इमारतीशी परतली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बायको बसली ती बसलीच. कंडक्टर शेजारी टेकले. कामावरून येणारी माणसं अंग चोरत त्यांच्या बाजूने वर जात होती.

“चढायचं?” त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते त्यांना कळलं नाही. गुडघा चोळणारा तिचा हात बाजूला करून त्यांनी गुडघा स्वतः चोळायला घेतला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत तिने तो चोळू दिला.