पडद्यावरचं हेल्मेट

आमच्या कंपनीत माणसांसाठी हेल्मेट घ्यायला पैसे नव्हते, पण हेल्मेट भिंतीवर मोठं करून दाखवणारं यंत्र घ्यायला होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणाला नवल वाटायला नको.

कंपनी कळंबोलीच्या लोखंड बाजारातली. पत्र्याचे गठ्ठे उतरवायचे, कापायचे, पुन्हा ट्रकवर चढवायचे. मी तिथे पर्सोनेल खात्यात कारकून. नेरूळच्या आमच्या सोसायटीतल्या गणपतीचं शूटिंग मी करायचो, तेवढ्या भांडवलावर श्यामसुंदर साहेबांनी मला कॅमेरामन केलं. साहेब यार्डाचे मॅनेजर. शहाण्णव साली त्यांनी व्हिडिओ कॅमेरा आणला आणि म्हणाले, "सुधीर, आता सगळ्या कंपन्यांत सेफ्टी फिल्म असते. आपलीपण पाहिजे. माल घेणारी पार्टी आली की लावायची."

शूटिंगला दिवस निवडला खंडेनवमीचा, कारण त्या दिवशी यार्ड धुऊन लख्ख असतं आणि क्रेनला झेंडूच्या माळा असतात. साहेबांनी बाजारातून एक पांढरं हेल्मेट आणि कातडी हातमोज्यांचा एक जोड आणवला. माणसं उभी करायची होती सात. त्यांत पहिला कृष्णात, पाटणकडचा, बारा वर्षं पत्रा उचलणारा. यंत्रांची पूजा दर वर्षी तोच करायचा. हेल्मेट त्याच्या हातात दिलं तर तो घालेचना.

"नवी वस्तू हाय, सुधीरभाऊ. पूजा केल्याबिगर डोक्यावर कशी घेऊ?"

त्याने कुंकवात उजव्या हाताची तीन बोटं बुडवली आणि हेल्मेटाच्या कपाळावर तीन रेघा ओढल्या. मधली जरा लांब गेली, पार काठापर्यंत. मग कुठे त्याने ते डोक्यावर घेतलं.

मी 'कट' म्हटलं की हेल्मेट आणि मोजे काढून घ्यायचो आणि पुढच्याला घालायचो. त्याच मुंडावळ्या सात नवरदेवांना बांधाव्यात तसं चाललं होतं, आणि आम्ही सगळे हसत होतो. मीसुद्धा. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. संध्याकाळी हेल्मेट आणि मोजे साहेबांच्या कपाटात गेले, ते तिथेच राहिले.

नेरूळला लग्नाच्या कॅसेटी जोडणारा एक दुकानदार होता, त्याने फिल्म जोडून दिली. पुढची दोन वर्षं ती कॉन्फरन्स रूममधल्या टीव्हीवर पार्ट्यांना दाखवली गेली. चहा, बिस्किटं, फिल्म. ज्यांची फिल्म होती त्यांना मात्र ती एकदाही दाखवली नाही. त्यांना त्या खोलीत यायचीच परवानगी नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये एका गठ्ठ्याला आवळलेली लोखंडी पट्टी तुटली, पत्रे घसरले आणि कृष्णातच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. हात उघडेच होते, कारण यार्डात मोजे नव्हतेच. महिन्याने तो पट्टी बांधलेला हात घेऊन कामावर आला, तर गेटवरच त्याच्या हातात पत्र पडलं. कंपनीने दिलेले हातमोजे वापरले नाहीत, निष्काळजीपणा केला, तेव्हा नोकरीवरून का काढू नये? पुरावा म्हणून फिल्म. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि ते पत्र टाइप केलं होतं मी. मान खाली घालून, एकही चूक न करता.

त्याच आठवड्यात कंपनीत एलसीडी प्रोजेक्टर आला. साहेब त्याच्यावर हात फिरवून म्हणाले, "टीव्हीचा जमाना गेला. आता भिंतभर चित्र." पहिला खेळ त्यांनी कृष्णातच्या चौकशीत लावायचं ठरवलं. चौकशीला बाहेरून गीतांजलीबाई आल्या होत्या, वकील. बाईंना पुरावापण दिसेल आणि यंत्रपण, असा साहेबांचा हिशेब.

पडदे ओढले, एसी लावला. कृष्णात खुर्चीच्या कडेवर बसला, जखमी हात मांडीवर ठेवून. रिमोट माझ्याकडे होता. भिंतीवर आधी लग्नाच्या कॅसेटीतल्यासारख्या गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, मग कंपनीचं नाव आलं, मग दारापेक्षा मोठा कृष्णात आला. हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट.

"बघा मॅडम," साहेब म्हणाले. "मोजे दिलेले आहेत. घालायला शिकवलेलं आहे. आणखी काय करायचं कंपनीने?"

मग दुसरा माणूस आला, मग तिसरा. कृष्णात ती फिल्म आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. तो खुर्चीवरून अर्धा उठला.

"सुधीरभाऊ, थांबवा की जरा."

मी थांबवलं.

"ह्या कुंकवाच्या रेघा माज्या हायत. मधली लांब गेलेली. ह्येच्या डोस्क्यावर कशा आल्या?"

टीव्हीवर त्या रेघा कधी दिसल्या नव्हत्या. भिंतीवर त्या हातभर लांब झाल्या होत्या.

"पुढे चालव," साहेब म्हणाले.

माझ्या घरी बायको होती, दोन मुलं होती, सिडकोच्या फ्लॅटचे हप्ते होते. ते सगळं मला त्या क्षणी आठवलं, खोटं कशाला बोलू. पण ते पत्रही आठवलं. मी चित्र पुढे नेलं आणि चौथ्या माणसावर थांबवलं. मग पाचव्यावर, सहाव्यावर, सातव्यावर. प्रत्येकाच्या कपाळावर त्याच तीन रेघा, मधली काठापर्यंत.

"हेल्मेट एकच होतं, मॅडम," मी म्हणालो. "मोज्यांचा जोडपण एकच. मीच एकाचे काढून दुसऱ्याला घालत होतो. दोन्ही साहेबांच्या कपाटात आहेत. कुंकू अजून असेल."

गीतांजलीबाईंनी किल्ली मागितली. साहेब म्हणाले, सापडत नाही. बाई म्हणाल्या, "मी थांबते." त्या तासभर थांबल्या, आणि किल्ली साहेबांच्याच खिशात सापडली.

आरोप मागे घेतला गेला. कृष्णातला गेटवर हलकं काम मिळालं. साहेबांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. उलट आठवड्याने त्यांनीच मला बोलावून घेतलं.

"फिल्म परत करायची. ह्या वेळी सात हेल्मेट घेऊ. फक्त ते कुंकू-बिंकू नको, खराब दिसतं."

एवढं होऊन त्यांना खुपलं ते कुंकू! मी कॅमेरा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"यार्डात माणसं बावीस आहेत, साहेब. बावीस आणा, मग शूटिंग करतो. नाहीतर दुसरा बघा."

त्यांनी दुसरा बघितलाही असता. पण बाईंच्या अहवालातही बावीस हेल्मेटं आणि मोज्यांचे बावीस जोड असंच लिहिलं होतं, आणि त्याची प्रत मालकांकडे गेली होती.

खंडेनवमीला बावीस हेल्मेटं क्रेनसमोर ओळीने मांडली, प्रत्येकाशेजारी मोज्यांचा जोड. कुंकू नको म्हणणारे साहेब ऑफिसच्या दारात उभे होते, म्हणून कुंकवाचं तबक कुणी पुढे आणेना. शेवटी कृष्णात गेटवरून आला, तबक उचललं आणि खाली बसला. सवयीने त्याने तिन्ही बोटं बुडवायला हात पुढे केला, जरा थांबला, आणि असलेलं एक बोट बुडवलं. बावीस हेल्मेटांवर त्याने एकेकच रेघ ओढली. साहेबांनी मला हाताने खूण केली, हे घेऊ नको म्हणून. मी कॅमेरा चालूच ठेवला.