हळदीतली घरघर

घणसोली गावात सखूआत्या म्हणजे मानाची धवलारीण. लग्नाचे विधी तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर, चालायचे. शेजारच्या अक्षताच्या हळदीला सखूआत्याच्या भाचीनं, महापेच्या कंपनीत इंजिनिअर असलेल्या सुचितानं, स्वतः बनवलेला स्पीकर मोठ्या तोऱ्यात आणला. पण आत्याचा सूर वर चढला की स्पीकरमधून घरघर यायची.

लोक हसायला लागले. सुचिताचं तोंड एवढंसं झालं आणि ती बोलून गेली, "स्पीकर ठीक आहे. आत्याचाच घसा गेलाय आता."

आत्यानं माईक खाली ठेवला. पुढचं बोलावणं आलं तेव्हा "माजा गला गेला" म्हणून तिनं ते परत पाठवलं.

मग गावातल्या देवजीच्या मुलाच्या, तेजसच्या हळदीला धवले पेनड्राइव्हवरूनच लावायचे ठरले. सुचितानं स्पीकर लावून पाहिला. आवाज वाढवताच पुन्हा तीच घरघर. आता पेनड्राइव्हचा काही घसा गेला नव्हता.

तिनं स्पीकर खोलला. चुकला होता फेराइट बीड, विजेच्या वाटेवर बसून गोंगाट गिळणारा तिळाएवढा काळा मणी. निवडताना सुचिताबाई मोठ्या आकड्याला भुलल्या होत्या. मणी गोंगाट किती अडवतो ते पाहिलं, करंट किती सोसतो ते पाहिलंच नाही. आवाज चढला की करंट वाढायचा आणि मणी हात टेकायचा. कंपनीत दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. नाचणारीला नावं ठेवली आणि अंगणच वाकडं निघालं!

जास्त करंट सोसणारा बीड लावून ती आत्याकडे गेली. आत्या भाकऱ्या भाजत होती.

"चूक माझी होती, आत्या. तुझा गळा चांगला आहे."

"त्या दिशी मांडव भरला व्हता," भाकरी उलटत आत्या म्हणाली. "सगल्यांसमोर बोल्लीस. आन् हे चुलीजवल सांगतस?"



तेजसच्या हळदीला सुचितानं माईक हातात घेतला. आज एकदा तरी घरघर यावी, असं तिला मनापासून वाटलं.

"आत्याचा घसा गेला नव्हता. स्पीकर मी चुकीचा बनवला आणि खापर तिच्यावर फोडलं."

शब्दन्‌शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ गेला.

सखूआत्या उठून पुढे आली. माईक तिनं सुचिताच्याच हातात राहू दिला आणि वरच्या सुरात धवला उचलला.