घरी न्या

"घरी न्या आता यांना," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

कुलूपवाल्याचा जीव भांड्यात पडला. बाजारात कुलपं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळा वॉर्ड याच नावानं ओळखे. त्यानं डॉक्टरांच्या पाठीलाच हात जोडले आणि बायकोचे कपडे पिशवीत कोंबायला लागला.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्दांवरून भांडण्यात तिची हयात गेली होती. पाठीमागे तिला सगळे 'व्याकरण' म्हणत. ती नोकरीला लागली तेव्हा 'घरी न्या' ऐकलं की माणसं आनंदानं रडायची. बरं झालेल्यालाच घरी नेत. पुढे 'आमच्या हातात काही उरलं नाही' म्हणायला डॉक्टरांची जीभ रेटेना, आणि त्यांनी हेच दोन शब्द वेठीला धरले.

तिनं डॉक्टरांना दारात गाठलं. "त्यांना वाटतंय, ती बरी झाली."

"सिस्टर, घरी न्या म्हणजे काय, हे आता सगळ्यांना कळतं. शब्दांचे अर्थ बदलतातच हो."

"अर्थ तुम्ही बदललात. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

डॉक्टर निघून गेले. म्हणजे सांगायचं तिच्याच गळ्यात आलं.

ती खाटेशी आली तेव्हा कुलूपवाला गाडी बघायला गेला होता. त्याची बायको छताकडे बघत पडली होती.

"मला कळलंय, सिस्टर," ती म्हणाली. "लेकीला बोलावून घेतलंय मी. ह्यांना घरी गेल्यावर मीच सांगेन. तोवर काही बोलू नका. किती दिवसांनी हसलेत हो आज."

सिस्टरला आधी तिचा राग आला, मग रडू आलं. ते तिनं गिळलं.

तेवढ्यात कुलूपवाला धापा टाकत आला. "गाडी उभी आहे खाली. सिस्टर, परत तपासायला कधी आणू हिला?"

जन्मात कुणाची शब्दांची लबाडी तिनं खपवून घेतली नव्हती.

"आता आणायची गरज नाही," ती म्हणाली.

"ऐकलंस का गं? गरजच नाही म्हणतात!"

बायको हसली. तो खाली बसून तिच्या पायांत चपला घालायला लागला. सुजलेली पावलं काही केल्या आत जाईनात.

"असू दे," तो म्हणाला, "सूज उतरली की घाल." आणि त्यानं चपला पुसून, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवल्या.